श्वानांच्या पंजांचा दाह : निदान व उपचार ह्यांविषयी काही विचार

कुत्र्याच्या पंजाला आलेली सूज ही पशुवैद्यकाकडे नित्य येणारी तक्रार आहे. आणि नित्याच्या तक्रारींचे जे होते तेच हिचेही झाले आहे. तिच्याकडे बारकाईने पाहण्याची सवय सुटत चालली आहे. कुत्रा पाय चाटतो, बोटांच्या बेचक्यात लाली आहे, मधूनमधून तो लंगडतो, एवढे मालक सांगतो. त्यावर एक सुई, आठ दिवसांच्या गोळ्या आणि एखादे मलम दिले जाते. पाय निवतो, मालक संतुष्ट होतो, आणि महिना-दीड महिन्याने तोच कुत्रा तोच पाय घेऊन परत येतो. असे चार-पाच वेळा घडले की त्या पायातील ऊतके कायमची बदलून गेलेली असतात, आणि प्रारंभी जे सहज साध्य होते ते मग असाध्य नसले तरी कष्टसाध्य होऊन बसते. पंजाचा दाह हा एक रोग नसून अनेक भिन्न रोगांनी धारण केलेले एकच रूप आहे. त्यामुळे 'पंजाच्या सुजेवर औषध कोणते?' हा प्रश्नच मुळात चुकीचा ठरतो. तो चुकीचा का, आणि त्याच्या जागी कोणते प्रश्न विचारावयाचे, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

प्रथम रचना लक्षात घेऊ. कुत्रा हा बोटांवर चालणारा प्राणी आहे. त्याचा भार बोटांच्या गाद्या व त्यांच्या मागील मोठी गादी ह्यांवर पडतो, आणि उभ्या कुत्र्याच्या एकूण भारापैकी सुमारे 60 टक्के भार पुढील दोन पायांवर असतो. गादीची बाह्यत्वचा शरीरातील इतर कोणत्याही भागापेक्षा जाड असून तिच्यावर शंकूसारखे बारीक उंचवटे असतात; तिच्या खाली मेद व तंतू ह्यांची लवचीक उशी असते. गादीवर केस नसतात, परंतु घर्मग्रंथी असतात. दोन बोटांमधील पडद्याची गोष्ट वेगळी आहे. तेथील त्वचा पातळ आहे, तिच्यावर केस आहेत, आणि ती भार वाहण्यासाठी घडलेली नाही. ह्या भेदाचे महत्त्व पुढे येणार आहे.

कुत्र्याच्या केसांच्या पुटकांतही एक विशेष आहे. माणसाच्या त्वचेत सामान्यतः एका छिद्रातून एक केस निघतो. कुत्र्याच्या त्वचेत एक मुख्य केस व त्याच्याभोवती अनेक दुय्यम केस मिळून एकाच छिद्रातून बाहेर येतात. अशा एका छिद्राचे तोंड बंद झाले तर कोंडमारा एका केसाचा नव्हे, तर संबंध जुडग्याचा होतो.

बोटांच्या बेचक्यात उठणाऱ्या लालसर, चकचकीत, फुटून रक्तमिश्रित पू वाहणाऱ्या गाठींना इंग्रजी ग्रंथांतून व व्यवहारातही दीर्घकाळ 'सिस्ट' म्हटले जात आले आहे. हे नाव बहुतेक वेळा अयथार्थ आहे. सिस्ट म्हणजे अस्तर असलेली बंद पिशवी. ह्या गाठी छेदून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या असता पिशवीऐवजी फुटलेली केशपुटके, अंतस्त्वचेत विखुरलेले केसांचे तुकडे व केराटिन, आणि त्यांच्याभोवती जमलेल्या दाहपेशींचा गराडा आढळतो. आपल्या घरोघरी केसाच्या मुळाशी उठणाऱ्या गळवास 'केसतूड' म्हणतात. व्याधीचे स्वरूप सांगण्यास हा ग्रामीण शब्द त्या परकीय संज्ञेपेक्षा कितीतरी अधिक यथार्थ आहे, आणि वर्गात शिकविताना तोच वापरावा असे प्रस्तुत लेखकास वाटते. शब्द चुकला की विचारही चुकतो. 'सिस्ट' म्हटले की ती कापून काढण्याची इच्छा होते. 'केसतूड' म्हटले की केशपुटक का फुटले हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

केशपुटक फुटण्याची कारणे अनेक आहेत. बुलडॉग, बॉक्सर, ग्रेट डेन, लॅब्रडॉर यांसारख्या आखूड व राठ केसांच्या जातींत, विशेषतः कुत्रा लठ्ठ असेल किंवा सांध्यांच्या दोषामुळे पाऊल वाकडे टाकीत असेल तेव्हा, गादीलगतची केसाळ त्वचा जमिनीवर टेकू लागते. जी त्वचा भार वाहण्यासाठी नाही तिच्यावर भार पडू लागला की ती जाड होते. पुटकांची तोंडे केराटिनाने बुजतात; राठ केस उलटे आत दाबले जातात; पुटक आतल्या आत फुगते आणि अखेर फुटते. केस व केराटिन ही शरीराची स्वतःचीच द्रव्ये असली तरी अंतस्त्वचेत ती परक्यासारखी ठरतात, आणि शरीर त्यांच्याशी काट्याशी वागावे तसे वागते. डुक्लोस, हार्गिस व हॅन्ली ह्यांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ह्या प्रक्रियेचे एक मार्मिक अंग स्पष्ट झाले : विकृत पुटके पंजाच्या खालच्या बाजूस असतात, परंतु गाठ व तिचे तोंड वरच्या बाजूस उमटते. म्हणजे पू जेथे दिसतो तेथे मूळ नसते. वरून मलम लावून रोग का हटत नाही ह्याचे अर्धे उत्तर येथे आहे. पंजा उलटा करून, केस बाजूला सारून, बोटे फाकवून खालची त्वचा पाहणे ही तपासणीची पहिली पायरी होय; घाईच्या वेळी नेमकी तीच गाळली जाते.

आता निदानाकडे वळू. विद्यार्थ्याने पहिला प्रश्न विचारावयाचा तो असा : दाह एका पंजास आहे की अनेक पंजांस? एकच पंजा, त्यातही एकच बेचके, वारंवार सुजत व फुटत असेल, तर आत काहीतरी रुतले आहे असा संशय धरावा. दख्खनच्या माळावर पावसाळा सरल्यावर कुसळी गवत पिकते. त्याच्या कुसळाचे टोक अणकुचीदार असून त्यावर मागे वळलेले राठ केस असतात. त्यामुळे ते एकदा शिरले की प्रत्येक पावलागणिक पुढेच सरकते, मागे येत नाही. मेंढपाळांना हे कुसळ लोकरीमुळे चांगलेच परिचित आहे. धनगराच्या वा शिकाऱ्याच्या कुत्र्याच्या बोटांत कार्तिक-मार्गशीर्षात आलेले गळू प्रतिजैविकाने निवून पुन्हा पुन्हा उठत असेल, तर भूल देऊन ती नाडी उघडून शोधणे हाच उपचार. औषध केवळ कालहरण करते.

एकाच बोटाची सूज वृद्ध कुत्र्यात, नख सैल होऊन वा गळून आढळली, तर मात्र अधिक गंभीर विचार करावा लागतो. नखाच्या मुळाशी होणारा शल्कपेशींचा कर्करोग हा कुत्र्याच्या बोटांतील सर्वांत अधिक आढळणारा अर्बुद असून मोठ्या चणीच्या काळ्या कुत्र्यांत तो विशेष दिसतो. 'नखुरडे' समजून त्यावर महिनोन् महिने मलमपट्टी केल्याची उदाहरणे विरळ नाहीत. क्ष-किरण चित्रात बोटाचे शेवटचे हाड झिजलेले दिसले की निर्णय तात्काळ घ्यावा लागतो. येथे दिरंगाईची किंमत बोट नव्हे, प्राण ही असू शकते.

दाह प्रामुख्याने गाद्यांवरच असेल तर शोधाची दिशा पुन्हा बदलते. गाद्यांवर जाड खपल्या धरणे हे पेम्फिगस फोलिएशस ह्या आत्मप्रतिरक्षाजन्य रोगाचे, यकृताच्या काही विकारांचे किंवा जस्ताच्या न्यूनतेशी निगडित विकृतीचे लक्षण असू शकते. डिस्टेंपरमध्येही गाद्या व नाक कठीण होतात. ह्या लक्षणावरून 1940 नंतरच्या दशकात ब्रिटनमध्ये 'हार्ड पॅड' नावाचा स्वतंत्र रोग मानला जात होता. पुढे तो डिस्टेंपरच असल्याचे ठरले. लस न टोचलेल्या तरुण कुत्र्याच्या बाबतीत हे विसरून चालत नाही.

परंतु बहुसंख्य रुग्णांत एकाहून अधिक पंजे, बहुधा पुढचे दोन्ही, बेचक्यांत लाल झालेले असतात. आणि तेथे दोन कारणांचा विचार अग्रक्रमाने करावा लागतो. एक डेमोडेक्स, दुसरे अधिहर्षता, म्हणजेच रूढ भाषेत ॲलर्जी. ही दोन कारणे शेजारी मांडण्याचा हेतू असा की त्यांची बाह्य लक्षणे सारखी असून उपचार परस्परविरोधी आहेत. अधिहर्षतेत स्टेरॉइड गुणकारी. डेमोडेक्समध्ये तेच घातक.

डेमोडेक्स कॅनिस हा अष्टपाद परजीवी सुमारे 0.2 मिलिमीटर लांबीचा, सिगारेटच्या आकाराचा असून केशपुटकांत राहतो. जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत तो आईपासून पिल्लास मिळतो आणि निरोगी कुत्र्यांच्या त्वचेवरही अल्प संख्येने नांदत असतो. प्रतिकारक्षमता ढळली की त्याची संख्या बेसुमार वाढते, पुटके फुगून फुटतात आणि केसतुडे उठतात. पंजांपुरता मर्यादित असलेला डेमोडेक्स हा त्याचा सर्वांत फसवा प्रकार आहे. त्वचा चिमटीत दाबून, केशवाहिन्यांतून रक्ताचा ठिपका येईपर्यंत खरवडून, ते द्रव्य तेलाच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे ही निदानाची रूढ पद्धत. सुजलेला पंजा खरवडू देण्यास कुत्रा राजी नसतो. अशा वेळी केस मुळासकट उपटून तपासावेत, अथवा फुटलेल्या गाठीतील पू तपासावा. जुनाट, वणांनी घट्ट झालेल्या पंजात आणि शार-पेईसारख्या जाड कातडीच्या जातीत खरवडीत परजीवी सापडला नाही म्हणून तो नाहीच असे म्हणता येत नाही. तेथे ऊतकाचा तुकडा काढून तपासणेच इष्ट.

येथे एक अनुभव नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही. काही वर्षांपूर्वी एक पाच वर्षांचा बॉक्सर प्रस्तुत लेखकाकडे आणण्यात आला. पुढचे दोन्ही पंजे लाल, चाटण्याची खोड, पावसाळ्याचे दिवस. बाह्यरुग्ण विभागात गर्दी होती, कुत्रा पायाला हात लावू देत नव्हता, आणि चित्र तर अधिहर्षतेचे पाठ्यपुस्तकी चित्र होते. खरवड न घेता प्रेड्निसोलोन दिले. दहा दिवस उत्तम गेले. तिसऱ्या आठवड्यात चारही पंजे फुटले, ताप आला, कुत्रा जमिनीवर पाय टेकीना. त्या वेळी घेतलेल्या पहिल्याच खरवडीत डेमोडेक्सची दाटी दिसली. पुढील पाच महिन्यांत कुत्रा बरा झाला खरा, तथापि दोन बेचक्यांतील त्वचा कायमची जाड व वणयुक्त राहिली आणि त्या जागी गाठी अधूनमधून उठतच राहिल्या. खरवडीस जास्तीत जास्त दहा मिनिटे लागली असती.

डेमोडेक्सच्या उपचारात गेल्या काही वर्षांत मोठे स्थित्यंतर झाले आहे. पूर्वी अमिट्राझचे स्नान हाच मुख्य आधार होता. पंजांसाठी ते कष्टाचे व प्रसंगी कुत्रा आणि मालक दोघांसही त्रासदायक असे. आयव्हरमेक्टिन दररोज तोंडाने देण्याची पद्धत प्रभावी असली तरी कोली व तत्सम जातींत ते मेंदूत शिरून प्राणघातक ठरते. ह्याचे कारण एका जनुकातील दोष असल्याचे 2001 मध्ये सिद्ध झाले. 2013-14 पासून फ्लुरालानेर, अफॉक्सोलानेर इत्यादी आयसॉक्साझोलीन वर्गातील औषधे गोचीड-पिसवांसाठी बाजारात आली आणि डेमोडेक्सवरही ती अत्यंत परिणामकारक असल्याचे आढळले. आज पहिली निवड त्यांचीच. ज्या कुत्र्यास झटके येण्याचा पूर्वेतिहास आहे त्याच्या बाबतीत सावधगिरी आवश्यक आहे. उपचार कुत्रा बरा दिसू लागला म्हणून थांबवावयाचा नसतो. महिन्याच्या अंतराने घेतलेल्या लागोपाठ दोन खरवडी निरंक येईपर्यंत तो चालू ठेवावा. शिवाय प्रौढ वयात प्रथमच डेमोडेक्स बळावला असेल, तर अवटू ग्रंथीची मंदता, अधिवृक्क ग्रंथीचा अतिरेक, अर्बुद किंवा आधी दिलेले स्टेरॉइड ह्यांपैकी काही मागे आहे काय, हे शोधल्यावाचून निदान पूर्ण होत नाही.

अधिहर्षतेचे निदान कोणत्याही एका चाचणीने होत नाही. ते इतर कारणे वगळून व एकंदर चित्र पाहून करावयाचे असते. फाव्ह्रो व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये मांडलेल्या निकषांत तीन वर्षांच्या आत आरंभ, मुख्यतः घरात वास्तव्य, पुढचे पंजे बाधित असणे, कानाची पाळी बाधित असून तिची कडा मात्र मोकळी असणे, कंबरेचा वरचा भाग मोकळा असणे, यीस्टचा वारंवार संसर्ग इत्यादींचा समावेश आहे. त्यांपैकी पाच जुळल्यास निदानाची संवेदनशीलता 85 टक्के व विशिष्टता 79 टक्के असते. म्हणजे अधिहर्षता नसलेल्या पाचांपैकी एखादा प्राणीही ह्या जाळ्यात सापडतो, हे विसरू नये. आहारातील प्रथिनांची अधिहर्षता ओळखावयाची तर पूर्वी कधीही न दिलेल्या अथवा विघटित प्रथिनाचा आहार किमान आठ आठवडे द्यावा लागतो. ह्या मुदतीत अशा कुत्र्यांपैकी 90 टक्क्यांहून अधिक कुत्र्यांत सुधारणा दिसते असे 2015 च्या एका समालोचनात दाखविले आहे. आपल्याकडे ही परीक्षा फसण्याचे कारण शास्त्रीय नसून कौटुंबिक असते. घरातील एकजण पथ्य पाळतो आणि दुसरा चहाबरोबर बिस्किट देतो.

अधिहर्षतेच्या पायावर जवळजवळ नेहमीच दुसरा संसर्ग चढलेला असतो. कुत्रा चाटतो, बेचके ओले राहते, आणि ओल्या उबदार जागी जंतू व यीस्ट वाढतात. पावसाळ्यात चिखलात वावरणाऱ्या माणसाच्या बोटांत चिखल्या होतात त्याची येथे आठवण येते. मात्र साम्य ओलाव्यापुरतेच आहे, कर्ते निराळे आहेत. कुत्र्यात तो यीस्ट बहुधा मॅलॅसेझिया पॅकिडर्मॅटिस असतो. वाइडमन ह्यांनी 1925 मध्ये तो प्रथम वर्णिला तो एका भारतीय गेंड्याच्या त्वचेवरून. त्याच्या नावातील 'पॅकिडर्म' हा अंश त्या जाड कातडीच्या प्राण्याचे स्मरण करून देतो. चिकटपट्टी त्वचेवर दाबून, रंगवून पाहिली की भुईमुगाच्या शेंगेसारख्या आकाराच्या पेशी सहज ओळखू येतात. नखांच्या मुळाशी तपकिरी रंग चढणे हीही त्याची एक खूण आहे. क्लोरहेक्सिडीन व मायकोनॅझोल प्रत्येकी 2 टक्के असलेल्या शाम्पूने आठवड्यातून दोनदा, दहा मिनिटे फेस ठेवून धुणे हा त्यावरील सर्वांत सिद्ध उपचार आहे. धुतल्यानंतर बेचकी कोरडी करणे हा उपचाराचाच भाग समजावा.

जंतुसंसर्गात मुख्य कर्ता स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस. ही जाती 2005 मध्ये वेगळी ओळखली गेली. तत्पूर्वी ती दुसऱ्याच नावाखाली गणली जात असे. प्रश्न नावाचा नाही, प्रतिकाराचा आहे. मेथिसिलिनला दाद न देणारे ह्या जंतूचे प्रकार जगभर पसरले आहेत. त्यांच्यापुढे सेफॅलेक्सिन अथवा क्लॅव्ह्युलॅनिक आम्लयुक्त अमॉक्सिसिलिन ही आपली नित्याची शस्त्रे निरुपयोगी ठरतात. हे संकट आपणच, आठ-आठ दिवसांच्या अर्धवट उपचारांनी, वाढविले आहे. उथळ संसर्गात केवळ बाह्योपचारच प्रथम करावा, अशी शिफारस 2025 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत आहे. केसतुडांसारख्या खोल संसर्गात मात्र तोंडाने प्रतिजैविक लागते. ते जंतुसंवर्धन व संवेदनशीलता-परीक्षा करूनच निवडावे आणि सुमारे तीन आठवड्यांनी रुग्ण पुन्हा तपासून पुढचा निर्णय घ्यावा. संवर्धनासाठी नमुना उघड्या जखमेच्या पृष्ठभागावरून घेऊ नये. तेथे वाटेवरचे सारे जंतू असतात. न फुटलेल्या गाठीतील पू किंवा ऊतकखंड घ्यावा.

मूळ अधिहर्षतेसाठी आज स्टेरॉइडखेरीज सायक्लोस्पोरिन, 2013 पासून उपलब्ध झालेले ओक्लॅसिटिनिब आणि खाजेचा संदेश वाहणाऱ्या इंटरल्यूकिन-31 ला अडविणारे लोकिव्हेटमॅब ही साधने आहेत. त्यांच्या खर्चाचा प्रश्न आहेच, आणि आपल्या बहुसंख्य मालकांच्या बाबतीत तोच निर्णायक ठरतो. अशा वेळी अल्प मात्रेतील प्रेड्निसोलोन एक दिवसाआड देणे गैर नाही. गैर आहे ते खरवड व पेशीपरीक्षा न करता देणे.

घरगुती उपायांविषयी थोडेसे. कोमट पाण्यात मीठ अथवा एप्सम मीठ घालून पाय भिजविल्याने अपाय होत नाही आणि काहीसा आराम पडतो. परंतु फिनेल, रॉकेल, मोटारीचे जळके तेल हे पदार्थ अद्याप वापरले जातात, आणि कुत्रा पाय चाटतो ही साधी गोष्ट लावणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. जस्तयुक्त मलमेही ह्याच कारणास्तव वर्ज्य. चाटून पोटात गेलेले जस्त रक्तपेशींचा नाश करू शकते. उपचाराच्या काळात गळ्याभोवती नरसाळ्याच्या आकाराचा पट्टा बांधणे हा ह्यावरील सोपा तोडगा होय.

अखेर राहतात ते जुने रुग्ण, ज्यांत मूळ कारण सापडले, त्यावर उपचारही झाला, तरी गाठी थांबत नाहीत. त्यांच्या अंतस्त्वचेत केराटिनाचे तुकडे अडकून पडलेले असतात आणि त्यांवर कोणतेही औषध चालत नाही. वजन कमी करणे, मऊ जमिनीवर फिरविणे, पायास मोजा घालणे ह्यांनी भार हलका होतो. काहींत, संसर्ग व परजीवी नाहीत अशी खात्री करून घेतल्यावर, सायक्लोस्पोरिन दीर्घकाळ दिल्याने गाठी आटोक्यात राहतात. कार्बन डायऑक्साइड लेझरने खालच्या बाजूची विकृत पुटके थराथराने जाळून काढण्याची पद्धत अशा रुग्णांत उपयुक्त ठरली आहे. जखम शिवली जात नाही, ती आतून भरून येऊ द्यावयाची असते, आणि तोवर पट्टी नियमाने बदलावी लागते. बोटांमधील पडदा समूळ काढून बोटे एकमेकांस शिवण्याची शस्त्रक्रियाही आहे. ती मोठी, वेदनादायक व अपरिवर्तनीय असून पुढे चालीत दोष राहू शकतो. म्हणून इतर सर्व मार्ग खुंटल्यावरच, आणि मालकास हे सारे स्पष्ट सांगून, ती हाती घ्यावी.